कोळसा इंजिनातच का जाळू नये?

अकरावीच्या वर्गात उष्मागतिकीचा दुसरा नियम शिकवून झाला होता. तास संपायला दोन-तीन मिनिटे उरली असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "सर, चंद्रपूरला कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. वाफेवर टर्बाइन फिरते, टर्बाइनवर जनित्र. मग वीज तारांतून जाते, रोहित्रातून जाते, पुन्हा तारांतून जाते आणि शेवटी रेल्वेचे इंजिन ओढते. प्रत्येक पायरीवर थोडी ऊर्जा वाया जाणारच. मग तोच कोळसा इंजिनातच जाळला तर मधल्या पायऱ्या वाचणार नाहीत का? पूर्वीची वाफेची इंजिने तेच करत होती. आज चांगले पोलाद आहे, संगणक आहेत. मग नव्या पद्धतीचे वाफेचे इंजिन कोणी बनवत का नाही?"

वर्गात हशा पिकला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. हाच प्रश्न मनात धरून काही नामांकित अभियंत्यांनी आयुष्याची वीस-तीस वर्षे खर्ची घातली आहेत आणि त्यांतील काहींनी खरोखरच चकित करणारी इंजिने बनवून दाखवली आहेत. मी त्या मुलाला म्हटले, "उद्या कागद-पेन्सिल घेऊन ये. आधी हिशेब करू, मग बोलू."

तो हिशेब तुम्हीही करून पाहा. आठवी-नववीत शिकलेल्या उष्णतेच्या गणितापलीकडे त्यात फारसे काही लागत नाही.

एक किलो पाण्याचा हिशेब

समजा, इंजिनाच्या बॉयलरमध्ये २० अंश सेल्सिअस तापमानाचे एक किलो पाणी घेतले. दाब वातावरणाच्या सुमारे सोळापट आहे. मोठ्या वाफेच्या इंजिनांत साधारण एवढाच दाब असे. या दाबाला पाणी १०० अंशांना उकळत नाही, सुमारे २०० अंशांना उकळते. त्याची वाफ करून ती पुढे ४०० अंशांपर्यंत आणखी तापवली, म्हणजे अतितप्त केली, तर एकूण सुमारे ७५७ किलोकॅलरी उष्णता द्यावी लागते.

आता ही वाफ सिलिंडरमध्ये शिरते, दट्ट्या ढकलते, प्रसरण पावते आणि थंड होते. थंड होऊन होऊन किती होणार? काम संपल्यावर ती धुराड्यातून बाहेर हवेत सोडायची असते. हवेचा दाब एक वातावरण. तेव्हा वाफेचा दाब त्याखाली नेता येत नाही आणि त्या दाबाची वाफ १०० अंशांखाली असू शकत नाही. अगदी आदर्श सिलिंडर मिळाला, कोठे गळती नाही, घर्षण नाही, तरी वाफेचे कोष्टक सांगते की या प्रवासात एक किलो वाफेकडून जास्तीत जास्त १४९ किलोकॅलरी एवढेच काम मिळेल.

दिले ७५७, मिळाले १४९. उरलेले ६०८ कोठे गेले? हा आकडा नीट पाहा. एक किलो पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ८० किलोकॅलरी लागतात. त्याची वाफ करायला सुमारे ५४० लागतात. ही अप्रकट उष्णता तुम्ही पाठ केलेली आहे. बेरीज ६२०. म्हणजे पाणी उकळून त्याची वाफ करण्यासाठी जी उष्णता दिली, ती जवळजवळ सर्वच्या सर्व वाफेबरोबर धुराड्यातून निघून गेली! इंजिनाचा तो सुंदर 'भक् भक्' आवाज म्हणजे अप्रकट उष्णता आकाशात जात असल्याचा आवाज आहे.

अशा रीतीने आदर्श इंजिनाची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या आतच राहते. त्यातही कोळशातील सगळी उष्णता पाण्याला मिळत नाही. जोरात काम चालू असताना सत्तर टक्के मिळाली तरी चांगली. २० चे झाले १४. सिलिंडरमधील गळती आणि वाफेचा अरुंद वाटांतून होणारा विरोध धरला की उरतात १० च्या आसपास. यंत्राचे घर्षण, स्वतः इंजिनाचे व त्यामागच्या कोळसा-पाण्याच्या टेंडरचे वजन ओढणे, स्टेशनात उभे असताना जळणारा कोळसा हे सर्व वजा केले की डब्यांच्या वाट्याला सहा-सात टक्के येतात. शंभर किलो कोळशापैकी सहा-सात किलोंनी गाडी ओढली.

आता वीजकेंद्राकडे वळू. तेथे वाफ सुमारे ५४० अंशांना आणि वातावरणाच्या दीडशेपटीहून अधिक दाबाला टर्बाइनमध्ये जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती बाहेर हवेत सोडत नाहीत. तिला कंडेन्सर नावाच्या प्रचंड पेटीत थंड पाण्याच्या नळ्यांवर नेऊन तिचे पुन्हा पाणी करतात. ४५ अंशांना वाफेचे पाणी झाले की त्या पेटीतील दाब वातावरणाच्या एक-दशांशापर्यंत उतरतो. म्हणजे वाफेला आणखी खूप खाली 'उतरता' येते, आणि उतरताना ती काम करते. अशा केंद्राची कार्यक्षमता ३५ टक्क्यांच्या आसपास असते, नव्या केंद्रांची त्याहून थोडी अधिक. तारा आणि रोहित्रे यांत समजा त्यातील दहावा हिस्सा गेला, तर ३५ चे सुमारे ३२ उरतील. विजेच्या इंजिनात पंधरा टक्के गेले, तर २७ उरतील. इतक्या पायऱ्या चढून-उतरून आलेली वीज शंभर किलो कोळशापैकी सत्तावीस किलोंचे काम करते!

आमचा विद्यार्थी क्षणभर गप्प बसला आणि मग म्हणाला, "पण सर, अप्रकट उष्णता तर चंद्रपूरलाही वायाच जाते. ते मोठमोठे मनोरे..."

अगदी बरोबर. शीतकरण मनोऱ्यांतून वर चढणारे पांढरे ढग म्हणजे तीच उष्णता. कोणतेही उष्णता-इंजिन तिच्यातून सुटत नाही. फरक एवढाच, की वीजकेंद्र ती ४५ अंशांना टाकून देते आणि रेल्वेचे इंजिन १०० अंशांना. वीजकेंद्र ती घेते ५४० अंशांना आणि अफाट दाबाला, तर रेल्वेचे इंजिन बेताच्या दाबाला. पायऱ्या किती, याला फारसे महत्त्व नाही. उष्णता किती उंचावरून किती खोल उतरली, याला महत्त्व आहे. कार्नोने १८२४ साली हेच सांगितले होते.

मग इंजिनालाच कंडेन्सर का लावू नये?

हा पुढचा प्रश्न साहजिक आहे, आणि तोही लोकांनी करून पाहिला आहे. अडचण आकाराची आहे. वातावरणाच्या दाबाला एक किलो वाफ सुमारे १.७ घनमीटर जागा व्यापते. तीच वाफ एक-दशांश दाबापर्यंत प्रसरण पावू दिली तर ती सुमारे १५ घनमीटर होते. एवढी वाफ सामावणारे सिलिंडर रुळांवर बसवायचे कोठे? बोगदे आणि पूल तर आहेत तेवढेच रुंद राहणार. टर्बाइन वापरून हे जमवण्याचे प्रयत्न स्वीडनमध्ये १९२० च्या दशकात झाले. यंत्रे चालली, पण ती महाग आणि गुंतागुंतीची झाली.

दक्षिण आफ्रिकेत १९५३ ते १९५५ या काळात कंडेन्सर लावलेली नव्वद इंजिने आली. मात्र त्यांचा हेतू कार्यक्षमता हा नव्हता. कारू नावाच्या कोरड्या प्रदेशात पाणी मिळत नसे, म्हणून तीच वाफ थंड करून पुन्हा वापरायची होती. टेंडर इंजिनाहूनही लांब झाले. त्यात पंखे लावून हवेने वाफ थंड करत. पाण्याची प्रचंड बचत झाली. परंतु आणखी एक गंमत झाली. वाफ धुराड्यातून जात नाही म्हटल्यावर भट्टीतील निखारे कोण फुलवणार? नेहमीच्या इंजिनात धुराड्यातून वेगाने जाणारी वाफच आपल्याबरोबर धूर ओढते, त्यामुळे भट्टीत ताजी हवा येते. इंजिनाने जितके जास्त काम करावे, तितका भट्टीचा भाता आपोआप जोरात चालतो. वाफेच्या इंजिनातील ही सर्वात सुंदर युक्ती आहे असे मला वाटते. कंडेन्सर लावताच ती गेली आणि तिच्या जागी वेगळा पंखा बसवावा लागला. या साऱ्या पंख्यांची दुरुस्ती इतकी वाढली, की पुढे त्यातील बहुतेक इंजिनांचे कंडेन्सर काढूनच टाकले.

डोळ्यात गेलेला कण

माझे आजोळ अचलपूरचे. मूर्तिजापूरहून तेथे जाणारी अरुंद रुळांची गाडी, जिला लोक प्रेमाने 'शकुंतला' म्हणत, १९९४ सालापर्यंत वाफेच्या इंजिनावर चालत असे. सुमारे ७६ किलोमीटरना चार तास लागत. खिडकीतून डोके बाहेर काढायचे नाही, अशी आईची सक्त ताकीद असे. आणि मी डोके बाहेर काढल्यावर डोळ्यात कोळशाचा कण जाई, हेही ठरलेले. मग पदराचा बोळा, फुंकर आणि वर बोलणी.

तो कण काय होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तो न जळलेला कोळसा होता. भट्टीत जाळीवर कोळशाचा थर असतो आणि जाळीखालून हवा जोराने वर येते. इंजिन चढणीला लागले, हवेचा झोत वाढला, की बारीक कोळसा जळण्याआधीच उडून धुराड्यातून बाहेर पडतो. जोराच्या कामात अशा रीतीने कोळशाचा मोठा हिस्सा फुकट जातो. माझ्या डोळ्यातले ते दुखणे म्हणजे रेल्वेच्या पैशाची नासाडी होती.

अर्जेंटिनाचे अभियंते लिव्हिओ दांते पोर्ता यांनी नेमके येथेच बोट ठेवले. त्यांनी विचार केला, की सगळी हवा जाळीखालून कशाला द्यायची? थोडीच हवा खालून द्यावी आणि तिच्यात थोडी वाफ मिसळावी. मग कोळशाचा जाड थर पूर्ण जळत नाही. त्याच्यापासून ज्वलनशील वायू तयार होतो. उरलेली बहुतेक हवा भट्टीच्या बाजूंच्या भोकांतून थराच्या वर सोडावी, म्हणजे तो वायू तेथे जळतो. खालचा झोत मंद असल्याने कण उडत नाहीत. वाफेमुळे थर फार तापत नाही, म्हणून राख वितळून तिचे घट्ट दगड बनत नाहीत. धूरही बराच कमी होतो. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला रिओ तुर्बिओ येथील कोळसा-रेल्वेवर त्यांनी हे वापरले. तेथील रूळ केवळ ७५० मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे जवळजवळ आमच्या शकुंतलेएवढे. जपानमध्ये बनलेली तेथील छोटी इंजिने सुमारे १७०० टनांच्या गाड्या ओढत असत.

पोर्तांच्या आधी फ्रान्समध्ये आंद्रे शापलाँ यांनी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली होती. वाफ बॉयलरमधून सिलिंडरमध्ये आणि तेथून धुराड्यात जाताना ज्या नळ्यांतून व झडपांतून जाते, त्या अरुंद व वाकड्यातिकड्या असल्या तर बराचसा दाब तेथेच मरतो. शापलाँ यांनी त्या वाटा मोठ्या केल्या, वाफ जास्त तापवली, धुराड्याची रचना बदलली. १९२९ साली त्यांनी सुधारलेले एक जुने इंजिन कारखान्यातून बाहेर पडले, तेव्हा त्याची ताकद पूर्वीच्या सुमारे दीडपट झाली होती. इंजिन तेच, भट्टी तीच! त्यांच्या उत्तम इंजिनांची कार्यक्षमता १२ टक्क्यांच्या आसपास गेली. इतर देशांतील इंजिने सहा-सात टक्क्यांवर समाधानी असताना हे त्यांनी साधले होते.

या दोघांचा वारसा ब्रिटिश अभियंते डेव्हिड वॉर्डेल यांनी दक्षिण आफ्रिकेत चालवला. केप टाउनच्या सॉल्ट रिव्हर कारखान्यात त्यांनी १९५३ साली बनलेले एक इंजिन घेतले. पोर्तांची भट्टी, नव्या रचनेचे जोड धुराडे, अधिक तापलेली वाफ अशा अनेक सुधारणा करून १९८१ साली ते बाहेर काढले. त्याला लाल रंग दिला होता, म्हणून 'रेड डेव्हिल', म्हणजे लाल सैतान, हे त्याचे नाव पडले. पूर्वीच्याच प्रकारच्या न सुधारलेल्या इंजिनाशी तुलना केली तेव्हा कोळसा सुमारे २८ टक्के आणि पाणी सुमारे ३० टक्के कमी लागले; ताकद मात्र वाढली. तीस वर्षांपूर्वीच्या सांगाड्यातून एवढे मिळाले, तर कोऱ्या कागदापासून आखलेल्या इंजिनातून किती मिळेल, असे वॉर्डेल विचारत. प्रश्न रास्त होता. पण तोवर तेथील रेल्वेने डीझेल आणि वीज यांची वाट धरली होती.

अमेरिकेतही एकदा संधी आल्यासारखे वाटले. १९७३ आणि १९७९ साली खनिज तेलाचे भाव कडाडले. कोळसा तर अमेरिकेत मुबलक. तेव्हा रॉस रोलंड यांच्या कंपनीने 'एसीई ३०००' नावाच्या आधुनिक वाफेच्या इंजिनाची योजना आखली. मोजमापे मिळावीत म्हणून जानेवारी १९८५ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, १९४८ साली बनलेले एक जुने इंजिन वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खऱ्या मालगाड्यांना जोडून चालवण्यात आले. पुढच्याच वर्षी तेलाचे भाव कोसळले. नवे इंजिन कागदावरच राहिले.

हिशेबात न धरलेली माणसे

तेलाचे भाव कोसळले नसते तर? माझ्या मते तरीही हे इंजिन फार दूर गेले नसते. आणि याचे कारण उष्मागतिकीत नाही.

वाफेचे इंजिन सकाळी सहाला निघायचे असेल, तर त्याची भट्टी मध्यरात्रीनंतरच पेटवावी लागते. बॉयलर घाईने तापवला तर पोलाद असमान फुगते आणि सांधे गळतात. वाटेत पाणी भरायचे. संध्याकाळी राख काढायची, नळ्यांतील काजळी साफ करायची. ठरावीक दिवसांनी बॉयलर रिकामा करून धुवायचा, कारण पाण्यातील क्षार आत बसतात. घरातल्या पातेल्याला बसतात तसेच. शिवाय चालवायला दोन माणसे हवीत, आणि त्यातला फायरमन दिवसभरात टनावारी कोळसा फावड्याने उचलणार. डीझेल इंजिन कळ दाबली की सुरू होते. दोन-तीन इंजिने एकत्र जोडून एकच ड्रायव्हर ती चालवू शकतो. चोवीस तासांपैकी ते कितीतरी जास्त तास गाडीला जुंपलेले असते. रेल्वेच्या हिशेबनिसाला कार्यक्षमतेच्या टक्क्यांपेक्षा हे तास अधिक मोलाचे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

आपल्याकडे चित्तरंजनच्या कारखान्यातून ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० साली बाहेर पडले. ब्रॉडगेजवर वाफेवर चालणारी शेवटची नेहमीची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये पंजाबात धावली. आज आपल्या ब्रॉडगेजचे जवळजवळ सगळे जाळे विजेच्या तारांखाली आले आहे, आणि एकेक इंजिन सहा हजार, काही तर बारा हजार अश्वशक्तीचे आहे. उतारावर तीच इंजिने जनित्राचे काम करून वीज तारेला परत देतात. शिवाय तारेतील वीज कोळशाचीच असली पाहिजे असे नाही. ती कोयनेच्या पाण्याची असू शकते, उन्हाची असू शकते. इंजिनात काही बदल करावा लागत नाही.

वाफेच्या इंजिनाचा एक गुण मात्र नाकबूल करता येत नाही. त्याची भट्टी सिलिंडरच्या बाहेर असल्याने तिला काहीही चालते: लाकूड, तेल, चिपाडेसुद्धा. जावा बेटावरील साखर कारखान्यांत उसाच्या चिपाडांवर धावणारी छोटी इंजिने या शतकातही कामावर होती. पण येथेही तोच हिशेब आडवा येतो. महाराष्ट्रातील अनेक साखर कारखाने चिपाडांवर उच्च दाबाची वाफ करून टर्बाइन चालवतात. टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ ते रस उकळायला वापरतात, म्हणजे ती अप्रकट उष्णतासुद्धा कामी लावतात, आणि उरलेली वीज विकतात. चिपाडांसाठी याहून चांगली भट्टी शोधायला कोणी रुळांवर जाणार नाही.

"म्हणजे सर, आजच्या काळात नवे वाफेचे इंजिन कोठेच शक्य नाही?" आमच्या विद्यार्थ्याने विचारले. त्याचा चेहरा थोडा पडला होता.

शक्य आहे, आणि ते धावते आहे. स्वित्झर्लंडमध्ये ब्रिएन्झ गावाहून रोटहॉर्न शिखराकडे १८९२ सालापासून दातेरी रुळांवरची गाडी जाते. साडेसात किलोमीटरमध्ये ती सुमारे १,६८० मीटर चढते. विंटरथूर येथील कारखान्याने १९९२ साली या मार्गासाठी अगदी नवी वाफेची इंजिने बनवली. ती हलक्या तेलावर चालतात, त्यामुळे फायरमन लागत नाही. एकटा ड्रायव्हर पुरतो. बॉयलरभोवती उष्णतारोधक थर इतका चांगला आहे की रात्रभर बंद ठेवले तरी सकाळी दाब शिल्लक असतो. बॉयलर गार पडलाच, तर विजेच्या उपकरणाने तो आपोआप तापवता येतो. मध्यरात्री कोणी उठायला नको. म्हणजे आधी सांगितलेली माणसांची अडचण त्यांनी नेमकी ओळखून दूर केली. अर्थात ही जागाही सोयीची आहे. वेग थोडा, गाडी लहान, अर्धा प्रवास उताराचा. आणि प्रवासी वाफेचे इंजिन पाहायलाच येतात, त्यासाठी तिकिटाचे पैसे देतात. लांब पल्ल्याच्या मालगाडीला यातले काहीच लागू नाही.

याच विंटरथूरच्या कारखान्याने आपल्या निलगिरी रेल्वेसाठीही पूर्वी इंजिने बनवली होती. मेट्टुपालयमहून कुन्नूरला चढताना दातेरी रुळांवर दर बारा मीटरला सुमारे एक मीटर चढ आहे. ती इंजिने म्हातारी झाली, तेव्हा तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने त्याच नमुन्याची, तेलावर चालणारी नवी इंजिने या शतकात बांधली. कधी तिकडे गेलात तर इंजिनाच्या जवळच्या डब्यात बसा. उतरताना वाफ दट्ट्याला ढकलत नसते. उतारावरची चाकेच दट्ट्याला ढकलत असतात, आणि तो सिलिंडरमध्ये हवा दाबून गाडीला आवरून धरतो. त्या वेळचा आवाज चढतानाच्या 'भक् भक्'पेक्षा अगदी वेगळा येतो.